ब्राँकिएक्टेसिस आणि वर ताजा संसर्ग: कोड कुठला?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर आहात आणि संध्याकाळी अमेरिकन मेडिकल कोडिंगचा, म्हणजे निदानाला ठरलेला कोड देण्याचा, क्लास करता. कुंभारीहून आलेल्या, घरी विड्या वळणाऱ्या पन्नाशीतल्या बाईंची फाइल तुमच्याकडे आहे. त्यांना काही वर्षांपूर्वी टीबी झाला होता, गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. जुन्या एचआरसीटीत (छातीच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये) ब्राँकिएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिकेच्या फांद्या कायमच्या रुंदावण्याचा आजार, आहे. या वेळी ताप, दम, हिरवट कफ वाढलेला, एक्स-रेत उजवीकडे खाली धूसर भाग. डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी ‘पोस्ट-टीबी ब्राँकिएक्टेसिस विथ एलआरटीआय’ (एलआरटीआय म्हणजे खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग) एवढंच लिहिलंय. कफाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास हा जंतू आला. तुम्ही जे४७.० (संसर्गासह ब्राँकिएक्टेसिस), जे१८.९ (न्यूमोनिया) आणि ए१५.० (फुप्फुसाचा चालू टीबी) असे तीन कोड काढलेत. सॉफ्टवेअर जे४७.० घेत नाही, नुसतं जे४७ दाखवतं. वर नातेवाईक म्हणतात, ‘फक्त न्यूमोनिया लिहा, क्लेम लवकर सुटेल.’

ए१५.० आधी काढून टाका. तो कोड या फाइलमध्ये राहता कामा नये. जे१८.९ सुद्धा सध्याच्या कागदावर उभा राहत नाही. आणि जे४७.० की जे४७, याचं उत्तर तुम्ही कुठलं पुस्तक उघडून बसलात त्यावर आहे.

पुस्तकाचं आधी सांगते, कारण क्लासमधून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा इथे गोंधळ होतो. आयसीडी-१० नावाची एकच गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० हे १९९० साली मंजूर झालेलं आजारांचं वर्गीकरण. अमेरिकेने त्यात स्वतःच्या गरजेपुरते जास्तीचे अंक जोडून आयसीडी-१०-सीएम बनवलं आणि ते तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालं. मूळ पुस्तकात ब्राँकिएक्टेसिसला जे४७ हा तीन अक्षरांचा एकच कोड आहे, पुढे टिंब नाही, काही नाही. सीएममध्ये मात्र त्याचे तीन भाग पडतात: खालच्या श्वसनमार्गाच्या ताज्या संसर्गासह असेल तर जे४७.०, अक्यूट एक्झॅसर्बेशनसह, म्हणजे आजार अचानक बळावलेला, असेल तर जे४७.१, आणि काहीच गुंतागुंत नसेल तर जे४७.९.

म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. त्यात मूळ आवृत्ती भरलेली आहे आणि तुमच्या क्लासमध्ये सीएम शिकवतात. आपल्याकडच्या क्लेम फॉर्मच्या भाग-ब मध्ये मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सहव्याधी यांच्यापुढे आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. तिथे हॉस्पिटल कोणती आवृत्ती वापरतं ते एमआरडीत (हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात) एकदा विचारून घ्या आणि मग तीच धरून चला. एकाच फाइलमध्ये मुख्य निदान सीएममधून आणि सहव्याधी मूळ पुस्तकातून, असली खिचडी मी पाहिलेली आहे. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर अशी फाइल हटकून अडते, आणि अडली की चूक कोडची आहे हे कोणी सांगत नाही, ‘निदान स्पष्ट करा’ एवढाच शेरा येतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतची केस असेल तर आणखी एक गोष्ट. तिथला पॅकेज कोड हा उपचाराचा कोड आहे, तो आयसीडी नव्हे. पॅकेज बरोबर निवडलं म्हणजे निदानाचा कोड आपोआप बरोबर झाला असं नाही.

आता आजाराबद्दल. कोडरला डॉक्टर व्हायचं नसतं, पण आजार डोळ्यांपुढे नसेल तर कोड नुसते पाठ होतात आणि पहिल्या वेड्यावाकड्या फाइलला दगा देतात. ब्राँकिएक्टेसिसमध्ये श्वासनलिकेच्या फांद्या कायमच्या रुंदावलेल्या असतात. भिंत खराब झाली, कफ वर ढकलण्याची यंत्रणा दुबळी पडली, कफ साचला, त्यात जंतू वाढले, त्या जंतूंनी भिंत आणखी खराब केली, असं ते चक्र. एचआरसीटीत शेजारच्या धमनीपेक्षा नळी मोठी दिसते आणि पुढे जाताना ती निमुळती होत नाही. हे रुंदावणं परत फिरत नाही. म्हणून जे४७ हा त्या बाईंच्या फाइलमध्ये या भरतीलाही असणार आणि पुढच्या भरतीलाही असणार. बदलतं ते त्या वेळचं निमित्त. कधी संसर्ग, कधी नुसतं बळावणं, कधी कफातून रक्त, आणि कधी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्या बाईंच्या फाइलमध्ये एक जुनी सहव्याधी म्हणून.

त्यामुळे प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं की या भरतीत जुन्या आजारावर नवं काय बसलंय, आणि ते डॉक्टरांनी कुठे लिहिलंय.

तुमच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी ‘विथ एलआरटीआय’ लिहिलंय. सीएममध्ये तेवढं पुरेसं आहे. ब्राँकिएक्टेसिस आणि खालच्या श्वसनमार्गाचा संसर्ग दोन्ही एका वाक्यात आहेत, म्हणून जे४७.०. अक्यूट ब्राँकायटिस (श्वासनलिकांची ताजी सूज) लिहिलं असतं तरी तेच, कारण जे४७.० च्या खाली ‘अक्यूट ब्राँकायटिससह ब्राँकिएक्टेसिस’ असा उल्लेखच दिलेला आहे. मूळ पुस्तकातून करत असाल तर मात्र एका कोडात भागत नाही. जे४७ ने जुना आजार सांगितला, संसर्ग सांगायचा राहिला. त्यासाठी जे२२ घ्यायचा, म्हणजे खालच्या श्वसनमार्गाचा ताजा संसर्ग, नेमका प्रकार न सांगितलेला. हा कोड मुलं सहसा विसरतात, कारण क्लासमध्ये तो फारसा भेटत नाही. आपल्याकडच्या केस पेपरवर ‘एलआरटीआय’ हा शब्द मात्र भरपूर भेटतो.

मग न्यूमोनिया का नाही? कारण तो डॉक्टरांनी लिहिलेला नाही. एक्स-रेत धूसर भाग दिसला, ताप होता, शिरेतून अँटिबायोटिक चाललं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. हे सगळं मिळून तुम्हाला न्यूमोनिया वाटतोय, मलाही वाटतोय, पण आपल्या वाटण्याला कोड नसतो. रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट हा पुरावा झाला, निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. ब्राँकिएक्टेसिसच्या रुग्णात तर जास्त सावध राहावं लागतं. अशा छातीचा एक्स-रे सहसा स्वच्छ नसतो. जुन्या टीबीचे व्रण, आकसलेला भाग, कफाने भरलेल्या नळ्या, यातलं काहीही धूसर दिसू शकतं. डॉक्टरांनी जुनी फिल्म शेजारी ठेवून विचारपूर्वक ‘न्यूमोनिया’ टाळलं असेल, किंवा राऊंडच्या घाईत ‘एलआरटीआय’ लिहून पुढच्या खाटेकडे गेले असतील. कुठलं ते कागदावरून कळत नाही. म्हणून विचारायचं.

विचारण्याची पद्धत हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ‘सर, न्यूमोनिया लिहू का?’ असं ओपीडीच्या दारात उभं राहून विचारलं तर सर मान हलवतात आणि आपण समजतो काम झालं. ते काम झालेलं नसतं. उद्या ऑडिटला मान हलवल्याचा कागद दाखवता येत नाही. शिवाय प्रश्नातच उत्तर ठेवलं की तो प्रश्न राहत नाही. लेखी क्वेरी द्या, असं काहीतरी: ‘डिस्चार्ज समरीत एलआरटीआय अशी नोंद आहे. भरतीच्या वेळी ताप व कफ वाढल्याची तक्रार, एक्स-रेत उजव्या खालच्या भागात धूसरपणा, कल्चरमध्ये स्यूडोमोनास, शिरेतून अँटिबायोटिक दिले. या भरतीतील संसर्गाचे नेमके निदान कृपया नोंदवावे: न्यूमोनिया, अक्यूट ब्राँकायटिस, इतर काही, किंवा अधिक सांगता येत नाही.’ खाली सही आणि तारीख. पैशांचा उल्लेख त्यात चुकूनही नको. कुठल्या उत्तराने बिल वाढेल हे क्वेरीत डोकावलं की ती क्वेरी बाद समजा.

आणि हो, डॉक्टर चिडतात. विशेषतः सीनियर. चिडू द्यावं. दोन-तीन फाइली टीपीएकडून परत आल्या की तेच लोक स्वतःहून नीट लिहायला लागतात.

समजा उत्तर ‘न्यूमोनिया’ आलं. मग सीएममध्ये जे४७.० सोबत न्यूमोनियाचा कोड येतो, कारण जे४७.० संसर्ग आहे एवढंच सांगतो, कुठला ते सांगत नाही. दोघांत आधी कोण, हे भरती कशासाठी झाली त्यावर आणि त्या वर्षीच्या टॅब्युलर यादीतल्या, म्हणजे कोडांच्या मुख्य यादीतल्या, सूचनांवर ठरतं. अमेरिकेत नवं पुस्तक दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतं आणि कोड डिस्चार्जच्या तारखेप्रमाणे घ्यायचा असतो. क्लासमधल्या झेरॉक्सवर विसंबू नका, ती कुठल्या सालची आहे कुणालाच माहीत नसतं. मूळ पुस्तकात जे२२ ची जागा जे१८.९ घेतो, आणि डॉक्टरांनी न्यूमोनिया हेच भरतीचं मुख्य कारण म्हटलं असेल तर तो जे४७ च्या पुढे जाऊ शकतो. ‘उजव्या लोअर लोबचा (फुप्फुसाच्या खालच्या भागाचा) न्यूमोनिया’ दिसला म्हणून लगेच जे१८.१ कडे धावू नका. तो कोड ‘लोबार न्यूमोनिया’ या निदानासाठी आहे. न्यूमोनिया कुठल्या लोबमध्ये आहे हे सांगणं आणि लोबार न्यूमोनिया आहे असं म्हणणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, पहिल्याला सीएममध्ये जे१८.९ च.

आता जे४७.१. तुमच्या क्लासमधला दुसरा गोंधळ बहुधा इथे असणार. एक्झॅसर्बेशन म्हणजे रुग्णाची नेहमीची स्थिती बिघडणं. २०१७ साली तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली व्याख्या अशी: खोकला, कफाचं प्रमाण किंवा घट्टपणा, कफाचा पिवळा-हिरवा रंग, धाप किंवा श्रम सोसण्याची ताकद, थकवा, कफातून रक्त, यांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी किमान ४८ तास बिघडलेल्या असणं आणि त्यामुळे उपचार बदलण्याची गरज आहे असं डॉक्टरांना वाटणं. यात संसर्ग असेलच असं नाही, आणि संसर्ग असला म्हणजे दर वेळी डॉक्टर त्याला एक्झॅसर्बेशन म्हणतील असंही नाही. तुमच्या बाईंची लक्षणं या व्याख्येत चपखल बसतात हे मला दिसतंय, पण समरीत तो शब्द नाही, म्हणून जे४७.१ नाही. डॉक्टरांनी दोन्ही स्वतंत्रपणे लिहिलं असेल, ‘ब्राँकिएक्टेसिसचं अक्यूट एक्झॅसर्बेशन, सोबत न्यूमोनिया’ असं, तर जे४७.० आणि जे४७.१ दोन्ही लावता येतात. ‘इन्फेक्टिव्ह एक्झॅसर्बेशन’ एवढंच लिहिलेलं असेल तर मी स्वतः थांबते आणि विचारते. बळावल्याचं त्यात स्पष्ट आहे, पण संसर्ग नेमका कुठे आणि कुठला हे त्या दोन शब्दांत येत नाही.

जे४७.९ बद्दल एकच सांगते. क्लासच्या परीक्षेत तो उत्तर म्हणून क्वचित येतो, प्रत्यक्षात मात्र ओपीडीच्या नेहमीच्या तपासण्यांमध्ये तोच सगळ्यात जास्त लागतो.

स्यूडोमोनासकडे येऊ. कल्चरमध्ये जंतू उगवला म्हणजे आजार त्यानेच झाला असं होत नाही. ब्राँकिएक्टेसिसमध्ये काही रुग्णांच्या कफात स्यूडोमोनास वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असतो, ताप नसतानाही सापडतो. तुम्ही लॅबच्या कागदावरून थेट जे१५.१, म्हणजे स्यूडोमोनासचा न्यूमोनिया, लावलात तर आजार तुम्ही ठरवलात असं होईल. डॉक्टरांनी ‘स्यूडोमोनास न्यूमोनिया’ लिहिलं तर जे१५.१, आणि त्यात जंतूचं नाव आलेलंच असल्याने वेगळा जंतूचा कोड नको. ‘स्यूडोमोनासमुळे एलआरटीआय’ लिहिलं तर सीएममध्ये जे४७.० सोबत बी९६.५, मूळ पुस्तकात जे४७ व जे२२ सोबत बी९६.५. हा बी९५ ते बी९७ मधला कोड नेहमी मागे राहतो, मुख्य निदानाच्या रकान्यात कधीच नाही. कल्चरचा रिपोर्ट डिस्चार्जनंतर आला असेल, आणि सोलापुरात असं नेहमीच होतं कारण पेशंट बरं वाटायला लागलं की घरी पळतो, तर डॉक्टरांनी समरीला पुरवणी नोंद जोडली आहे का ते बघा. नसेल तर त्याच क्वेरीत ही ओळ घाला.

आता ए१५.०. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण आपल्या भागात सगळ्यात महाग चूक हीच होते.

भारतात ब्राँकिएक्टेसिसचं सगळ्यात मोठं ज्ञात कारण टीबी आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत २,१९५ रुग्ण होते आणि त्यातल्या ३५.५ टक्क्यांच्या मागे जुना टीबी होता. अमेरिकन क्लासच्या उदाहरणांत हे येत नाही, तिथे सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार येतो, ज्याची फाइल तुमच्या डेस्कवर सहजी यायची नाही. आपल्याकडे सिव्हिलला काय, खासगीत काय, सोलापूरच्या आसपासच्या तालुक्यांतून आणि पलीकडे कलबुर्गी-विजयपूरकडून येणाऱ्या छातीच्या पेशंटला हिस्टरी विचारली की ‘सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या’ हे वाक्य सारखं ऐकू येतं. तेव्हा पुढचा फरक डोक्यात पक्का बसवा.

टीबी आज चालू असेल आणि त्याच टीबीत ब्राँकिएक्टेसिस असेल, तर तो जे४७ मध्ये येतच नाही. जे४७ च्या खालीच लिहिलेलं आहे की चालू टीबीचा ब्राँकिएक्टेसिस वगळा. तो जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या टीबीत, ए१५.० मध्ये जातो, मूळ पुस्तकात जंतू सिद्ध न झालेला असेल तर ए१६ मध्ये. तुम्ही ए१५.० आणि जे४७.० एकाच फाइलमध्ये लावलेत, म्हणजे एकीकडे टीबी चालू आहे म्हणालात आणि दुसरीकडे नाही म्हणालात. सीएममध्ये ही पहिल्या प्रकारची वगळणी आहे, दोन्ही एकत्र चालत नाहीत. क्लेमचं सॉफ्टवेअर हे पकडतं, माणूस पकडण्याआधी.

टीबी संपला आणि मागे ब्राँकिएक्टेसिस ठेवून गेला, असं डॉक्टरांनी म्हटलं असेल तर बी९०.९, श्वसनमार्गाच्या टीबीचे मागे उरलेले परिणाम. ‘पोस्ट-टीबी’ या शब्दाने तुमच्या डॉक्टरांनी हा धागा जोडलेलाच आहे, तेव्हा हा कोड तुम्हाला विनाक्वेरी मिळतो. क्रम उलटा करू नका. आज जे आहे ते आधी, म्हणजे जे४७, आणि ते कशामुळे उरलं ते नंतर, म्हणजे बी९०.९.

तिसरी शक्यता, पूर्वी टीबी झाला होता एवढीच नोंद आहे आणि आत्ताच्या आजाराशी त्याचा संबंध डॉक्टरांनी लावलेला नाही. तिथे पूर्वेतिहासाचा कोड, सीएममध्ये झेड८६.११, मूळ पुस्तकात झेड८६.१. हा नुसता पूर्वेतिहास झाला.

ए१५.० ने पैशांपलीकडेही घोळ होतो. टीबीची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर पेशंटची ओळख तयार होते, औषधं चालू होतात, घरच्यांची तपासणी होते. बऱ्या झालेल्या बाईंच्या कागदावर चालू टीबी आला तर कुठलातरी आरोग्य कर्मचारी त्यांच्या दारात उभा राहतो आणि वस्तीत कुजबुज सुरू होते. विड्यांच्या कारखान्यात पानं-तंबाखू देणारा मुकादम काय म्हणेल ही भीती त्या बाईंना असते, तुमच्या सॉफ्टवेअरला नसते. याउलट खरोखर टीबी परतला असेल, कफाची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी पॉझिटिव्ह आली असेल, तर तो लपवण्यासाठी बी९०.९ लावणं तितकंच वाईट. तुमच्या फाइलमध्ये या भरतीतली कफाची टीबी तपासणी लावलेली आहे का, ते आधी बघा. असेल आणि निगेटिव्ह असेल तर टीपीएच्या प्रश्नाला तुमच्याकडे तयार उत्तर आहे.

हिस्टरीबद्दल एक आडवळणाची गोष्ट. कुंभारी, अशोक चौक, साखर पेठ या पट्ट्यात बऱ्याच बायका घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड. त्यांना ‘टीबी होता का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात आणि ‘लाल गोळ्या, लघवी लाल व्हायची’ म्हटलं की ‘हो, त्या खाल्ल्या’. ‘दमा आहे’ हे तर कशालाही म्हणतात. केस पेपरवर ‘के/सी/ओ अस्थमा’ (आधीपासून दमा) दिसला आणि बाकी सगळं ब्राँकिएक्टेसिसचं असलं, तर जे४५ लावण्याआधी तो शब्द कुणी, कुठल्या आधारावर लिहिला ते बघा. बऱ्याचदा कॅज्युअल्टीतल्या इंटर्नने पेशंटच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उतरवलेला असतो आणि पुढे कुणी तो दुरुस्त केलेला नसतो.

तंबाखूची ओळ. सीएममध्ये जे४७ च्या खाली तंबाखूसंबंधी जास्तीचा कोड लावायची सूचना आहे. ‘विडी कामगार’ वाचून धूम्रपानाचा कोड लावलेली फाइल मी पाहिली आहे. विड्या वळणाऱ्या बायकांतल्या बहुतेक जणी विडी ओढत नाहीत. धूळ आणि तंबाखूच्या भुकटीशी कामामुळे येणारा संपर्क डॉक्टरांनी नोंदवला असेल तर त्याला वेगळा कोड आहे, झेड५७.२, कामाच्या जागची धूळ. मागावर काम करणाऱ्यांचंही तसंच. सोलापूरचा पेशंट, टॉवेलच्या कारखान्यात नोकरी, खोकला, एवढ्यावर जे६६.० म्हणजे सुताच्या धुळीचा आजार कुणी ठरवू नये. तो डॉक्टरांनी नाव घेऊन लिहिला तरच.

कफातून रक्त पडत असेल आणि त्यासाठी वेगळा उपचार झाला असेल तर आर०४.२ जोडा. नुसता ताप, खोकला, दम यांचे वेगळे कोड नकोत, ते निदानातच आले. श्वसन निकामी झाल्याची, म्हणजे जे९६ ची, नोंद हवी असेल तर डॉक्टरांचा शब्द हवा, ऑक्सिजन लावला होता एवढं पुरत नाही.

आता नातेवाईकांचा मुद्दा. त्यांना ‘फक्त न्यूमोनिया’ हवाय कारण कुणीतरी सांगितलंय की जुना आजार दिसला की क्लेम जातो. ही भीती अगदीच निराधार नाही. ब्राँकिएक्टेसिस जुना आहे, पॉलिसी नवी असेल तर आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आड येऊ शकतो. पण २०२४ च्या नियमांनी तो काळ जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की लपवाछपवीच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे पॉलिसी किती जुनी आहे हे आधी बघा. बऱ्याचदा ज्या भीतीपोटी कागद फिरवायचा विचार चाललेला असतो ती अडचण मुळातच नसते. आणि जे४७ गाळून जे१८.९ एकटा पाठवलात तर फाइलमधला एचआरसीटी, जुना केस पेपर, छातीच्या फिजिओथेरपीची नोंद हे सगळं त्याच्याविरुद्ध बोलणार. तपासणीसाला एक विसंगती सापडली की तो मग सगळंच उघडतो. साधा प्रश्न विचारून सुटणारी केस फसवणुकीच्या संशयात जाते, आणि सही तुमच्या डॉक्टरांची असते.

नातेवाईकांना हे सांगताना आवाज चढवू नका. काउंटरवर उभा असलेला मुलगा उसने पैसे भरून आलेला असतो. त्याला पॉलिसीची पहिली तारीख विचारा, नूतनीकरणात खंड पडलाय का विचारा, आणि प्रस्तावाच्या वेळी जुना टीबी सांगितला होता का विचारा. या तीन उत्तरांवर तुम्हाला क्लेमचा अंदाज येईल, कोडवर नाही.

तर आज, क्वेरीचं उत्तर येण्याआधी, कागद जसा आहे तसा: हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य निदान जे४७, सोबत जे२२, मग बी९०.९. क्लासच्या वहीत हीच केस लिहाल तर जे४७.० आणि बी९०.९. क्वेरीत डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला तर पहिल्या यादीत जे२२ च्या जागी जे१८.९, दुसऱ्या यादीत जे१८.९ ची भर. स्यूडोमोनासमुळेच न्यूमोनिया म्हणाले तर दोन्हीकडे जे१८.९ ऐवजी जे१५.१. संसर्ग स्यूडोमोनासचा पण न्यूमोनिया नाही म्हणाले तर बी९६.५ शेवटी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल आणि या भरतीत त्याचे उपचार झाले असतील तर तेही सहव्याधीत घाला, तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही म्हणून आठवण करून देते.

क्लेम आधीच ए१५.० सह गेला असेल तर टीपीएला दुरुस्तीचं पत्र डॉक्टरांच्या सहीने पाठवा, नुसता नवा फॉर्म अपलोड करू नका. जुना फॉर्म त्यांच्याकडे राहतोच, आणि दोन फॉर्म दोन निदानं सांगत असले की तिसरी क्वेरी येते. पत्रात एवढंच: रुग्णाचा टीबीचा उपचार पूर्वी पूर्ण झालेला असून या भरतीत चालू टीबीचे निदान नाही, कोड नोंदवताना चूक झाली, सुधारित कोड सोबत जोडले आहेत. कोर्स पूर्ण झाल्याचं कार्ड बाईंकडे असेल तर त्याची झेरॉक्स लावा. बहुतेक जणी ते रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात, मागितलं की मिळतं.